बाळ साडेचार महिन्यांचं आहे, चित्रं दोन-तीन वर्षं थांबवू का?

वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात: वय २९, राहायला कोल्हापुरात राजारामपुरीत. जी.डी. आर्ट, म्हणजे चित्रकलेचा डिप्लोमा झालाय. लग्नाच्या आधीपासून पोर्ट्रेटच्या ऑर्डरी घेते, घरी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांचा क्लास घ्यायची, रविवारी सकाळी ग्रुपबरोबर पंचगंगा घाटावर नाहीतर रंकाळ्याला स्पॉटला जायची. आता मुलगा साडेचार महिन्यांचा आहे आणि बाळंतपणापासून एकही चित्र पूर्ण झालेलं नाही, बोर्डवर ताणून लावलेला कागद धूळ खात पडलाय. बाळाची एक-दोन स्केचेस काढली पण ती घरगुती हौस वाटते, सिरीयस काम वाटत नाही. सासूबाई प्रेमळ आहेत, पण म्हणतात, "बाळ झोपलं की तू पण झोप की, चित्रं काय कुठं पळून चाललीत?" नवरा शिरोली एमआयडीसीत शिफ्टला जातो. डिसेंबरमध्ये ग्रुपचं प्रदर्शन शाहू स्मारकच्या कलादालनात आहे, तिची पाच चित्रं हवीत, होय-नाही अजून कळवलेलं नाही. तिचा प्रश्न असा की दोन-तीन वर्षं सगळं बाजूला ठेवून मुलगा बालवाडीत गेल्यावर नव्यानं सुरू करावं, की रोज दोन-तीन तास त्याला सासूबाईंकडे देऊन नेटानं बसावं? पहिलं केलं तर हात जाईल, दुसरं केलं तर आई म्हणून कमी पडेन, हेच रोज रात्री दूध पाजताना डोक्यात असतं.

तुला अगं-तुगंच करते, पत्रात तू ताई म्हटलंयस.

तू दोनच रस्ते मांडलेस. एक तर सगळं बांधून माळ्यावर टाकायचं, नाहीतर पूर्वीसारखं सलग दोन-तीन तास बसायचं. पहिलं तुला जमणार नाही हे तुझ्याच पत्रातून दिसतंय, ज्याला सहज थांबता येतं त्याच्या डोक्यात रात्री तीनला पाजताना चित्रं येत नाहीत. आणि दुसरं या महिन्यांत फारशा कुणाला जमत नाही. पण दोन्हीच्या मागं तू एक समजूत धरून चाललीयस ती जरा तपासून बघूया. तुझ्या मते चित्र चालू आहे म्हणजे बोर्ड लावला, पाणी भरलं, पॅलेट मांडलं आणि उठताना खाली सही करता येईल असं काहीतरी झालं.

ही सवय कॉलेजात लागते, सबमिशनला शीट पूर्णच लागायची ना. पण आठवून बघ, तुझा हात खरा बसला कुठं? सीबीएस स्टँडवर गाडीची वाट बघणारी माणसं काढून, कपिलतीर्थ मंडईत भाजीवाल्या बायका काढून बसला असणार, आपल्याकडच्या बहुतेक पोरापोरींचा तसाच बसतो, आणि त्यातलं निम्म्याच्या वर काम अर्धवटच राहतं कारण गाडी लागते, माणूस उठून जातो. तेव्हा कुणाला त्याचं वाईट वाटत नाही. आत्ता तुझ्या घरात तेच चाललंय, मॉडेल हलतंय, वेळ मधेच संपतोय, आणि तू मात्र म्हणतीयस की माझी चित्रकला बंद पडली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की निदान वर्षभर रियाज आणि चित्र या दोन गोष्टी वेगळ्या धर. चित्र पूर्ण होणं मागं पडू दे, खुशाल पडू दे, त्याला काही होत नाही. रियाज मात्र सोडायचा नाही, आणि तो पाच मिनिटांत पण होतो.

बालवाडीचं म्हणशील तर हे मी बऱ्याच मुलींकडून ऐकते आणि दरवेळी काळजी वाटते. आत्ता बाळ दिवसातून तीन-चारदा झोपतंय, एका जागी पडून असतंय. वर्षानं ते चालायला लागेल, दोन वर्षांनी दुपारची एकच झोप राहील आणि जागं असताना तुझा ब्रश त्याच्या हातात असेल. बालवाडी तर दोन-तीन तासांची, त्यात सोडणं, आणणं, डबा, आणि मग पोरगं आजारी पडलं की आठवडा घरी. म्हणजे मोकळा वेळ असा ढिगानं एकदम येतच नाही, तो तुकड्यातुकड्यानंच येतो, मग तुकड्यात काम करायची सवय आत्ताच का लावून घेऊ नये. आणि मनापासून थांबावंसं वाटत असेल तर थांबण्यात काहीही पाप नाही हे पण सांगते. अंग थकलंय, इच्छाच नाही, तर दोन-चार महिने कागदाला हात नाही लावला म्हणून शिकलेलं पुसून जात नाही, सुरुवातीला रेष अडखळते आणि मग येते परत.

दुसऱ्या रस्त्याचं थोडक्यात. बाळ अजून फक्त अंगावरच्या दुधावर असणार, सहा महिन्यांपर्यंत डॉक्टर तेच सांगतात. म्हणजे दोन-अडीच तासांनी तुला उठायचंच आहे. सलग तीन तास मिळत नाहीत यात तू कमी पडत नाहीयेस, बाळाच्या पोटाचं घड्याळच तसं आहे.

सासूबाईंच्या बोलण्याचा तुला राग आलाय हे पत्रात दिसतं, पण त्या अर्ध्या बरोबर आहेत. रात्री तीनदा उठणाऱ्या बाईनं झोप मोडून चित्र काढू नये असं मला पण वाटतं. दिवसातली बाळाची पहिली मोठी झोप तुझ्या झोपेची, त्यात कागद काढायचाच नाही. दुसऱ्या झोपेत बघ. आणि रात्री बाळ झोपल्यावर 'आता तरी बसते' म्हणून बारापर्यंत जागणं पूर्ण बंद, दुसऱ्या दिवशी त्याची किंमत तूच मोजतेस. इथंच एक गोष्ट सगळ्याच बाळंतिणींसाठी सांगते. दोन आठवड्यांच्या वर रोज रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, आपण नसलेलं बरं असे विचार येत असतील, तर तो चित्रकलेचा प्रश्न नसतो, डॉक्टरांशी बोलायचंच. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या दुखण्यांसाठीचा सरकारी फोन आहे, चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. स्वतःच्या जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटायला लागलं तर घरच्यांना लगेच उठवून सांगायचं आणि दवाखाना गाठायचा, सकाळची वाट बघायची नाही.

आता काढायचं काय. तुझं मॉडेल शेजारीच झोपलंय. तू पोर्ट्रेट करतेस म्हणून मुद्दाम सांगते, बाळाचं पोर्ट्रेट भल्याभल्यांचं चुकतं, कारण हात मोठ्या माणसाच्या मापाला सरावलेला असतो. मोठ्या माणसाचं डोकं उंचीच्या साधारण साडेसातावा भाग, या बाळाचं जवळजवळ पाव. मोठ्यांचे डोळे आपण डोक्याच्या बरोबर मध्यावर धरतो, बाळाचे त्या रेषेच्या खाली येतात, वर नुसतं कपाळ. मान दिसतच नाही, हनुवटीखाली थेट छातीवर सावली पडते. कुशीवर झोपलं की खालचा गाल गोधडीवर चपटा होतो आणि ओठ किंचित पुढं येऊन तिरके होतात, ती एक रेष मिळाली की बाळ झोपलेलं दिसतं, नाही मिळाली की नुसतं डोळे मिटलेलं दिसतं. मुठीचं बघ, बोटांच्या मागं सांध्यावर हाडं वर येत नाहीत, उलट तिथं खळ्या पडतात. हे सगळं येत्या सहा-आठ महिन्यांत बदलून जाणार आहे आणि एवढा जवळून अभ्यास करायची संधी तुला ऑर्डरीच्या फोटोवरून कधीच मिळणार नाही.

बाळ जागं असेल तर एकाच पानावर सहा-सात सुरुवाती करून ठेवायच्या. हात वर केला, चार रेषा. वळलं, ते सोडून शेजारी दुसरी सुरू. ते परत त्याच पोजला येतंच, आलं की पहिल्या स्केचवर परत जायचं. जनावरं काढणारे लोक असंच करतात. पान भरलं की तारीख टाकायची आणि उलटायचं, चांगलं झालं की वाईट ते बघत बसायचं नाही.

कडेवर घेऊन फेऱ्या मारताना हात मोकळे नसतात, तेव्हा स्मरणचित्र. तू मुलांना शिकवतेस ना ग्रेड परीक्षेसाठी? तेच स्वतःवर कर. एक गोष्ट मिनिटभर नीट बघायची, आंघोळीच्या पाण्याचा बंब, शेगडीवर धुरी धरताना सासूबाईंची बसायची पद्धत, आणि मग दोन तासांनी जेव्हा हात मोकळा होईल तेव्हा आठवून काढायची. बघण्याचा रियाज हाताशिवाय होतो. आणि सध्या आपल्याकडं पाऊस सुरू आहे, म्हणजे सोप्यात, दारामागं, खुर्चीच्या पाठीवर सगळीकडं दुपटी-लंगोट वाळत टाकलेले असणार. ड्रेपरीसाठी, म्हणजे कापडाच्या चुण्या-घड्यांच्या अभ्यासासाठी, कॉलेजात आपण मुद्दाम कापड टांगायचो. ओल्या सुती कापडाची घडी जड पडते, वाळत आली की कड वर उचलली जाते, दोन्ही शेजारी शेजारी काढून बघ. तसंही पंचगंगा चढली की घाट पाण्याखालीच असतो, तुझा ग्रुप पण आत्ता तिथं बसत नसणार, त्यामुळं आपलंच काही सुटतंय असं वाटून घेऊ नकोस.

हे घरगुती आहे, सिरीयस नाही असं तू लिहिलंयस त्यावर मला खरंच भांडायचंय. फ्रान्समध्ये बेर्त मोरिसो आणि तिची बहीण एडमा, दोघी बरोबरीनं चित्रकला शिकल्या, कोरोसारख्या मोठ्या चित्रकाराकडं शिकल्या. १८६९ मध्ये एडमाचं लग्न झालं आणि तिचं चित्र काढणं जवळजवळ थांबलं. १८७२ मध्ये बेर्तनं तिचंच चित्र केलं, पाळण्यात बाळ झोपलंय आणि एडमा गालाला हात लावून त्याच्याकडं बघत बसलीय. 'पाळणा' नावाचं ते चित्र १८७४ च्या पहिल्या इंप्रेशनिस्ट प्रदर्शनात लागलं, आज पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये आहे. मोबाईलवर मोठं करून पाळण्यावरची पातळ पांढरी जाळी कशी उतरवलीय ते बघ, आतलं बाळ जाळीतून दिसतं. नंतर १८७८ ला बेर्तला स्वतःला मुलगी झाली, ज्युली, आणि तिला तिनं तान्ह्यापासून मोठी होईपर्यंत रंगवलं. आता हे पण खरं की तिच्याकडं दूध पाजायला दाई होती, ती दाई ज्युलीला पाजतीय असं चित्र पण बेर्तनंच काढलंय. म्हणजे तिचा वेळ दुसऱ्या बाईच्या कष्टातून आला, त्यामुळं तिला जमलं मग तुला का नाही असं मी कधीच म्हणणार नाही. पण बाळ आणि पाळणा हा विषय हलका आहे असं मात्र परत म्हणू नकोस.

आणि लांब कशाला जायचं, आपले कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहमान बघ. मुंबईला जे.जे.त शिकून कोल्हापुरात परत आले आणि कोटितीर्थ, रंकाळा, संध्यामठ, हाच परिसर पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. टाऊन हॉल म्युझियममधली त्यांची चित्रं तू बघितली असशीलच. एवढ्याशा परिसरात उजेड रोज वेगळा दिसतो हे ज्याला कळलं त्याला एक खोली पण पुरते.

सामानाचं असं कर, घरभर पसरलेलं सगळं आवर आणि एकच पाऊच ठेव. हातात मावेल अशी जाड कागदाची वही, एक बॉलपेन, एक सहा बी पेन्सिल, केक कलरची छोटी डबी आणि वॉटर ब्रश, ज्याच्या दांड्यातच पाणी भरतात. ही पिशवी स्टुडिओच्या कोपऱ्यात नाही ठेवायची, जिथं बसून पाजतेस तिथं हाताला लागेल अशी, पण बाळाच्या हाताला लागणार नाही अशी टांगायची. उठून आणायला लागलं की तो वेळ गेलाच.

अ‍ॅक्रिलिक सध्या नको, बाळ रडलं म्हणून उठलीस तर पॅलेट पण वाळतं आणि चांगला ब्रश पण कायमचा जातो. वॉटरकलर सोयीचा, वाळलेला रंग पाणी लावून परत उठतो, आणि एका वॉशनंतर, म्हणजे पातळ रंगाचा एक थर दिल्यावर, तसंही थांबावंच लागतं, त्या थांबण्यात पाजून होतं. पावसाळ्यात तर कागद तासभर वाळत नाही, ते आत्ता तुझ्या फायद्याचं आहे. ऑइलचं टर्पेंटाइन आणि पेन्सिल-पेस्टल पुसू नये म्हणून मारतात तो फिक्सेटिव्हचा स्प्रे बाळ असलेल्या खोलीत अजिबात नको, सुक्या पेस्टलची धूळ पण नको. काही रंगांत कॅडमियम-कोबाल्ट असतं, त्यामुळं पाजायच्या आधी हात साबणानं धुवायचे, ब्रश तोंडात धरायची सवय असेल तर आजपासून बंद. आणि महिन्या-दोन महिन्यांत पोरगं सरकायला लागेल, सापडेल ते तोंडात घालेल, तेव्हा कटर, खोडरबरचे तुकडे, पेन्सिलीचा भुसा जमिनीवर राहता कामा नये.

अंगठ्याचं पण बघ. तू लिहिलेलं नाहीस पण नव्या आयांना हे फार होतं, बाळाला काखेत धरून सारखं उचलून अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ येते. त्यात पेन्सिल घट्ट चिमटीत धरली की अजून वाढते. बाळाला उचलताना अंगठा ताणून धरू नकोस, तळहात खाली घालून उचल, पेन्सिलीला कापडाची पट्टी गुंडाळून जाड कर, खांद्यातून रेष मार. आठवड्यात कमी नाही झालं तर डॉक्टरांना दाखव, दुखणं अंगावर काढून हात बिघडवून घेऊ नकोस.

ही झाली रोजची पाच-दहा मिनिटं. याशिवाय आठवड्यातून एकदा दोन तास पूर्ण तुझे हवेत, आणि ते मागून घ्यावे लागतील. तुझ्या पत्रात सासूबाई आहेत, ग्रुप आहे, क्लासची मुलं आहेत, नवऱ्याबद्दल मात्र शिफ्ट एवढंच लिहिलंयस. त्याचं पण बाळ आहे. त्याच्याशी बोलताना 'मला जरा वेळ मिळाला असता तर' असं अर्धवट नको, सरळ सांग की रविवारी सकाळी आठला पाजून मी बाहेर पडणार, दहाला येणार, मधे बाळ तुझ्याकडं. रात्रपाळी करून आला असेल तर दुसरा वार धरा पण वार ठरलेला पाहिजे. पहिल्या एक-दोन वेळा बाळ रडेल, दुपटं उलटं बांधलं जाईल, फोन येईल. फोन आला तरी दुसऱ्या मिनिटाला घरी पळू नकोस, बाळ सुरक्षित आहे ना एवढं विचार, बापाला पण शिकायला वेळ द्यावा लागतो. आणि घरातच दार लावून बसू नकोस, रडणं ऐकू आलं की पान्हा फुटतो आणि हात थांबतो. राजारामपुरीतच सातव्या गल्लीत नट आणि चित्रकार चंद्रकांत मांडरेंचं कलासंग्रहालय आहे, उघडं असेल त्या वेळेत तिथं जाऊन त्यांची निसर्गचित्रं बघत बसलीस तरी ते दोन तास कामाचेच.

सासूबाईंना यातून वगळू नकोस. त्यांना रोजचे तीन तास मागितलेस तर त्यांच्यावर पण ओझं होईल, त्यांचं पण वय झालंय. त्यापेक्षा मालिश-आंघोळीनंतर त्या बाळाला घेऊन बसतात तेव्हा समोर बस आणि दोघांना काढ. काढलेलं दाखव. आपल्याकडच्या बायका "मी बघतो की पोराला, तू काढ तुझं" असं म्हणायला फार वेळ लावत नाहीत, त्यांना आधी दिसायला हवं की सून झोप टाकून, पोराला टाकून काही करत नाहीये.

क्लास एवढ्यात नको. पैसे येतील हे खरं, पण क्लासची वेळ ठरलेली असते आणि बाळाची नसते, शिवाय तुझे ते थोडे मोकळे तास दुसऱ्यांच्या शीट तपासण्यात जातील. मुलगा वरचं खायला लागला की एकच बॅच घे. पैशाची फारच गरज असेल तर पोर्ट्रेटची एखादी ऑर्डर घे, पण गिऱ्हाइकाला नेहमीच्या तिप्पट मुदत सांगून.

प्रदर्शनाचं राहिलं. पाच पूर्ण चित्रं डिसेंबरपर्यंत होणार नाहीत, ती मनातून काढून टाक. पण नाही म्हणायची पण घाई नको. ग्रुपला फोन करून विचार की पाच चित्रांच्या जागेत मी या वर्षातली वहीची पानं लावली तर चालेल का, एकाच मोठ्या माउंटवर पंधरा-वीस छोटी स्केचेस, तारखांसकट. चालेल म्हणाले तर तुझं काम आजच सुरू झालंय असं समज, पानं सुटी निघतील अशीच वही घे. मोठ्या फ्रेमाच पाहिजेत म्हणाले तर या वर्षी नाव काढून घे आणि उद्घाटनाला बाळाला घेऊन जा. दसऱ्याला वही उघडून निवड कर, त्या दिवशी पंधरा पानं बरी वाटली नाहीत तरी सांगून मोकळी हो, कुणी रागावणार नाही. आणि लावायचं ठरलं तर माउंट-फ्रेमचं काम दिवाळीच्या आधीच टाक, दिवाळीत फ्रेमवाल्यांकडं गर्दी असते आणि ऐनवेळी तुला बाळ घेऊन दुकानाच्या चकरा माराव्या लागतील.